कार्डावरचं वय

"म्हणजे काका गेल्यावर सगळी रक्कम एकदम हातात," लोकेश म्हणाला. अर्ध्या तासात रामाजीला त्याने बोलता बोलता चौथ्यांदा मारलं होतं, आणि तेही रामाजीच्याच बायकोच्या, सत्यशीलाच्या हातचे तर्री-पोहे खात.

रामाजी गडचांदूरजवळच्या चुनखडीच्या खाणीत पस्तीस वर्षं ड्रिलवर होता. महिन्यापूर्वी निवृत्त झाला, फंडाचे पंधरा लाख आले, आणि त्यांच्या मागोमाग हा विमावाला लोकेश आला. त्याला आणला होता पोरानेच, राजदीपने. पंधरा लाख एकदाच भरायचे, रामाजी जगेल तोवर विमा चालू, आणि तो गेला की मोठी रक्कम वारसांना. भांडण नाही, कटकट नाही.

"अन् जितेपणी पैसा लागला तं?" स्वयंपाकघराच्या दारातून सत्यशीलाने विचारलं.

"पॉलिसीवर कर्ज भेटते ना काकू. व्याज फार नाई."

"आपल्याच पैशावर व्याज?"

"आई, तुले नाई समजत त्यातलं. तू चहा ठेव," राजदीप म्हणाला.

तिने चहा ठेवला नाही. चष्मा लावून ती पुढे आली आणि टेबलावरचा फॉर्म उचलला. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पोरांची नावं वाचता येत होती. वारसांच्या रकान्यात राजदीप, साठ टक्के. मुलगी रिना, चाळीस टक्के. बस्स.

"माहं नाव कुठी आहे?"

रामाजी सहीसाठी पेन उघडून बसला होता, तो हातातल्या टोपणाकडे बघू लागला.

"राग नका मानू काकू," लोकेश हसत म्हणाला. "आधार कार्डावर तुमचं वय चौऱ्याहत्तर. काका साठचे. मंग हिशेबानं तुमीच आधी... म्हणजे, पोरायचंच नाव टाकलेलं बरं."

झालं! सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बारा वर्षांपूर्वी गावात आधारचं शिबिर आलं तेव्हा ती रोजीने क्रशरवर जात होती. सुट्टी मिळेना म्हणून कामावरून तशीच रांगेत जाऊन उभी राहिली. केस, भुवया, पापण्या, सगळं दगडाच्या भुकटीने पांढरंफटक. जन्मतारीख विचारली तर तिला ठाऊक नव्हती. मशीनवरच्या माणसाने एकदा तिच्या डोक्याकडे बघितलं आणि ठोकून दिलं, एक जानेवारी एकोणीसशे एक्कावन्न. शेजारी उभा असलेला रामाजी पोट धरून हसला. त्या दिवसापासून घरात ती 'बुढी' झाली. लग्नाकार्यात पाहुण्यांपुढे हा किस्सा ठरलेला, की आमची आई बाबापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. तीही सगळ्यांबरोबर हसायची. मूर्ख बाई, हसायची!

तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाला, मांडणीवरची भांडी थरथरली. लोकेश दचकला. बाकी कुणी हललं नाही.

सत्यशीलाने अंबाडा सोडला. दोन-चार चंदेरी बटा सोडल्या तर केस काळेभोर होते.

"पाह्य, नीट पाह्य! चौऱ्याहत्तर वर्साच्या बाईचे केस हायेत हे? चोपन्नची आहो मी. हे गेल्यावर मी पंचवीस वर्सं जगीन, ते कोणाच्या दारात?"

"माह्यापाशीच राहशीन ना तू," राजदीप म्हणाला.

"तुह्यापाशी? आत्ताच मले चहा ठेवाले धाडलं तू!"

मग ती नवऱ्याकडे वळली. "ह्याईचं जाऊ द्या. तुमी तं बाजूले उभे होते. मी तुमच्यापेक्षा पाच-सहा वर्सानं लहान, तुमाले मालूम होतं. त्या माणसाले काऊन नाई सांगतलं?"

"गंमत होती वो..."

"गंमत! जलमभर धूळ खाल्ली म्या, अन् त्याच धुळीनं मले मारून मोकळे झाले तुमी!"

रामाजीने पेनाला टोपण लावलं. "राहू द्या लोकेशभाऊ," तो हळूच म्हणाला. "पैसा बँकेत राहीन. आमा दोघा नवरा-बायकोच्या नावानं."

राजदीप तणतणत उठला. चहा कुणालाच मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रामाजी मोटारसायकल काढून कुठेसा गेला. दुपारी उन्हाने काळवंडून परतला. शाळेला सुट्ट्या, म्हणून मुख्याध्यापकांना घरून बोलावून आणून त्याने तिच्या माहेरच्या शाळेतला दाखला काढला होता. सात ऑगस्ट एकोणीसशे सत्तर.

सत्यशीला कितीतरी वेळ कागद हातात धरून बसली. म्हणजे आपल्यालाही तारीख होती, आणि एक दिवस गाडी काढली असती तर मिळत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, पण पुन्हा रागच आला.

"बारा वर्सं काऊन नाई गेले?"

रामाजी माठाजवळ पाणी पीत उभा राहिला.

पुढच्या दिवशी सकाळी तिने शिकेकाईने केस धुतले, तेल लावलं, चापून अंबाडा घातला. आधार केंद्रात मशीनवर एक तरुण पोरगी होती.

"वय?" तिने विचारलं.

रामाजीने तोंड उघडलं, तोच सत्यशीलाने हात आडवा केला. "चोपन्न. सात ऑगस्ट, एकोणीसशे सत्तर."

पोरीने दाखला पाहून तारीख टाकली आणि कॅमेरा तिच्याकडे वळवला.

"इकडे पहा मावशी. फोटोत हसू नका."

"नाई हसत," सत्यशीला म्हणाली आणि पदर मागे सारून, केस नीट दिसतील अशी बसली.