आरशासमोरची अठरा वर्षे

मित्रांनो, माझ्या खालच्या कोपऱ्यातला पारा उडाला आहे, यावरून माझे वय ओळखा. मी केशकर्तनालयातला एक जुना आरसा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, आपण एखाद्या नटाच्या खोलीत जाणार. नशिबी आले साबणाच्या फेसाचे शिंतोडे. पण तक्रार नाही, कारण इथे माणसे एकमेकांशी माझ्यात बघून बोलतात.

आमचे मालक मोठे बोलघेवडे. नवे गिऱ्हाईक खुर्चीत बसले की ते त्याचा चेहरा माझ्यात निरखून बघत आणि ठरवून टाकत: याच्याशी क्रिकेट, याच्याशी मुलांच्या परीक्षा, याच्याशी काहीच नाही. एकदा ठरले की ठरले. 'माणूस ओळखावा तर यांनी,' असे लोक म्हणत. मलाही ते पटायचे.

घड्याळे दुरुस्त करणारे काका पहिल्यांदा आले, ते गाल धरूनच. मालकांनी तीन प्रश्न विचारले, तिन्हींना 'हं' एवढेच उत्तर मिळाले. झाले, काकांवर कायमचा अबोलपणाचा शिक्का बसला. त्यानंतर अठरा वर्षे, काका बसले की त्या खुर्चीत फक्त कात्रीचा आवाज ऐकू येई.

त्यातल्या शेवटच्या वर्षी काकू वारल्या. तेव्हापासून काका दर आठवड्याला येऊ लागले. डोक्यावर कापण्यासारखे काही नसायचे. ते बोलायला तोंड उघडायचे, माझ्यात मालकांचा गंभीर चेहरा दिसला की मिटायचे. मालक शेजारच्या खुर्चीपाशी खो खो हसायचे आणि काकांपाशी आले की चिडीचूप. बिचाऱ्याला शांतता हवी असेल, असे त्यांना वाटे. मला दोघांचेही चेहरे दिसत होते आणि फार वाईट वाटत होते, पण आरशाला बोलता कुठे येते?

एके दिवशी उठताना काका म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून नाही येणार."

मालकांनी नुसती मान डोलावली. त्यांची मुलगी नुकतीच दुसरी खुर्ची सांभाळू लागली होती. तिने सरळ विचारले, "का हो काका? आमचं काही चुकलं का?"

"नाही गं. तुझे बाबा सगळ्यांशी बोलतात, माझ्याशीच नाही. म्हटलं, माझा राग येत असेल."

मालक कंगवा ठेवून पुढे आले. "अहो, तुम्हालाच बोलायला आवडत नाही ना? पहिल्या दिवशी नुसतं हं हं करत होतात."

"त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती."

कोणीच हसले नाही.

मित्रांनो, मला रोज पुसतात, म्हणून माझ्यात आजचा चेहरा दिसतो. तुम्हीही मनात समोरच्याचे चित्र काढून ठेवता. तेवढे अधूनमधून पुसत जा, एवढीच माझी विनंती आहे.

मालकांनी काकांना पुन्हा खुर्चीत बसवले. शेवटी, अठरा वर्षांनी, त्यांनी विचारले, "आता दाढ कशी आहे?"

"ती केव्हाच काढली. आमच्या हिनंच ओढत नेलं होतं मला दवाखान्यात," काका म्हणाले आणि मग बोलतच राहिले.