एकाच टेकची उडी

माझा डावा पाय दीड इंच आखूड आहे आणि सेहेचाळीस वर्षं मला त्याचा अभिमान होता. एकोणऐंशी साली, यंगस्टाउनजवळच्या दगडखाणीत, रबरी राक्षसाच्या पोशाखात मी चाळीस फुटांवरून उडी मारली. गाद्या चुकल्या, मांडीचं हाड मोडलं. आमचा दिग्दर्शक लीलंड प्रुइट धावत आला आणि म्हणाला, "डेल, एकच टेक. दुसरा लागणारच नाही." हे वाक्य मी जन्मभर मिरवलं. भयपटांच्या मेळाव्यांत सिनेमातल्या त्या उडीच्या फोटोवर सह्या केल्या, त्या याच जोरावर.

परवा लीलंडनं त्या सिनेमाची नवी ब्लू-रे डिस्क पाठवली, मूळ निगेटिव्हवरून साफ केलेली. जुन्या कॅसेटवर सगळा अंधारच असायचा. रविवारी दुपारी माझ्या बायकोनं, मार्लीननं, पडदे ओढले आणि पिएरोगीची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, ताटली मांडीवर घेऊन बसली. "चल हिरो, बघू तरी तुझी उडी."

झाडाचं पान न् पान दिसत होतं. राक्षस कड्यावर आला, तो मीच. मग तो पडला. पडता पडता त्याचा हात उलटा वळला आणि काखेतून पेंढा बाहेर आला.

"डेल," मार्लीन म्हणाली, "तुझ्यात पेंढा कधीपासून भरलाय?"

मागे नेऊन नेऊन मी चारदा पाहिलं. बुजगावणंच होतं. मग कॉमेंट्री लावली. त्यात सिनेमा चालू असताना दिग्दर्शक वरून बोलत असतो. लीलंड मजेत सांगत होता, "हे बुजगावणं हं. डेलनं आदल्या दिवशी खरी उडी मारली होती, पण कॅमेऱ्यात रीळच नव्हतं. त्याला अजून सांगितलेलं नाही." तो हसला. त्याच्या शेजारी बसलेलं कुणीतरीसुद्धा हसलं.

मार्लीननं ताटली खाली ठेवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी सहा महिने तिनं माझं अंथरुणातलं सगळं काढलं होतं.

मी लीलंडला फोन लावला.

"काय रे, कसं दिसतंय?"

"रीळ नव्हतं?"

"अरे, कॉमेंट्री कोण ऐकतं?"

"मी ऐकली. मी वर चढलो तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"पैसे घालणारे ते दोघे डेंटिस्ट मुद्दाम बघायला आले होते, डेल. रीळ संपलंय म्हणून सांगायचं होतं का त्यांना? काहीतरी दाखवायला नको? आणि तू किती हौसेनं चढला होतास."

"वर म्हणालास, दुसरा टेक लागणार नाही."

"मग घेणार कशावर होतो?"

केसानं गळा कापला मेल्यानं, आणि आवाजात लाज म्हणून नाही. उलट मलाच विचारतो, "शनिवारी येतोयस ना मेळाव्याला? आपलं टेबल एकत्रच आहे."

"तिथं तुझ्या बुजगावण्याला बसव," म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारसाठी सह्या करून ठेवलेला फोटोंचा गठ्ठा टेबलावरच होता. मी एकेक उचलून पाहिला. एकाही फोटोत मी नव्हतो.