धोंडाबाईंची शपथ

आमची वहिनी वृषाली पंचविशीतच सरपंच झाली, आणि खंडोबाची टेकडी फोडायला आलेल्या खडीवाल्याला तिनं पहिल्याच वर्षी परवानगी नाकारली. सुरुंगानं झरा आटला असता, आणि आमच्या गावाला दुसरं पाणी नाही. पण उपसरपंच धर्माजीला त्या खाणीवर डंपर लावायचे होते. त्यानं अविश्वास ठराव आणला. बाकीचे सहाही सदस्य विरोधात गेले तरच वहिनीची खुर्ची जाणार होती, आणि तिच्या मागोमाग टेकडी.

धर्माजीनं सदस्यांना गाडीत घालून सहलीला नेलं. लोक वहिनीला म्हणाले, तूही एखादा पळव. ती म्हणाली, "मी कामावर मत मागीन." मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. एवढ्या साधेपणानं गावं चालत असती तर धर्माजी भजनी मंडळात टाळ कुटत बसला असता.

मतदानाच्या आदल्या दिवशी सदस्य परतले. त्यांतल्या म्हाताऱ्या धोंडाबाई मागच्या दारानं आमच्याकडे आल्या. डोळे भरलेले.

"पोरी, त्यानं आमाला बेलभंडारा उचलाया लावला. आता माजा हात तुज्या विरोधात. देवाची आण हाय, मोडता येत न्हाई."

भंडारा खंडोबाचाच होता. जत्रेहून आणून वहिनीनंच तो घरोघर वाटला होता, धर्माजीच्याही घरी. वहिनीनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आजी, त्यो भंडारा नव्हताच. धर्माजीनं मंचरच्या दुकानातनं हळद आणली व्हती. दुकानदारानंच मला सांगितलं."

"देवाच्या नावानं हळद?" धोंडाबाई ताडकन उठल्या.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांसमोर पाच हात वर गेले. धोंडाबाईंचा पदराखालीच राहिला आणि ठराव पडला. बाहेर गुलाल उडाला तेव्हा मी वहिनीला बाजूला ओढलं.

"देवाला काय सांगशील?"

"तुझीच टेकडी वाचवली म्हणीन. शिक्षा करायची तर मला कर म्हणीन. पण खुर्ची सोडणार नाय."

पुढच्याच आठवड्यात धोंडाबाई ओसरीवरून पडल्या आणि पाय मोडला. वहिनीनं त्यांना जीपमध्ये घालून घोडेगावला नेलं. प्लास्टर झाल्यावर धोंडाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"खरं सांग पोरी, देव तर कोपला न्हाई ना? भंडारा खरा व्हता का?"

मला तिथंच रडू फुटलं. वहिनीनं त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"हळदच व्हती, आजी. मी काल दुकानात जाऊन परत विचारून आले."

धोंडाबाई निवांत झोपल्या. त्या दिवसापासून मला वहिनीची भीती वाटते. आणि मत मी तिलाच देणार आहे.