कलमावर चढवलेली माती

देवरावांच्या पत्राला गिरिधररावांनी उत्तर दिलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. पत्र कायम डोळ्यांसमोरच होतं. आधी शब्दकोशावर, मग शब्दकोशात, मग उशीखाली आणि फिरून पुन्हा शब्दकोशावर. नरखेड तालुक्यातून आलेलं साधं निळं आंतरदेशीय. थरथरत्या अक्षरात चार ओळी. गारपिटीनं मांडव पडला. अंकुशनं, म्हणजे देवरावांच्या मुलानं, वेली उपटून मोसंबी लावली, त्याचंही काही चुकलं नाही. आता भोकरी फक्त तुमच्याकडे आहे. छाटणीच्या काड्या पाठवा, कुंडीत एक लावून बघतो.

उत्तर एका ओळीचं होतं. पण ती ओळ ‘पाठवतो’ अशी लिहायची की ‘नाही’ अशी, हे गिरिधररावांना ठाऊक नव्हतं.

ते नागपुरात एका कृषी महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते आणि देवराव तिथल्या बागेवर होते. देवराव दुपारी पंख्याखाली बसायला वाचनालयात यायचे आणि गिरिधररावांना द्राक्षावरच्या पुस्तकांतली चित्रं दाखवायला लावायचे. संत्र्याच्या मुलखात द्राक्षं लावणारा माणूस म्हणून गावात त्यांची टवाळी व्हायची. त्यातही भोकरी. जुनी, पांढरी, जाड सालीची, बियांची जात. एके काळी नाशकाकडे घरोघर होती. बिनबियांची द्राक्षं आली आणि लोकांनी ती काढून टाकली. देवरावांच्या वडिलांनी तिकडून काड्या आणल्या होत्या. खायला ती बेताचीच. देवराव म्हणायचे, हे द्राक्ष खायचं नाहीच, प्यायचं आहे. चिनी मातीच्या बरण्यांत ते तिची वाइन करायचे. वाळल्या गवताच्या रंगाची, जिभेला आंबट आणि मग उशिरानं, घोट उतरून गेल्यावर, कच्च्या पेरूचा वास. गिरिधररावांनी जन्मात दुसरी दारू चाखली नव्हती. पण तो पेरू त्यांना पुस्तक वाचताना मध्येच आठवायचा.

गिरिधरराव निवृत्त झाले त्या वर्षी देवरावांनी स्वतः येऊन त्यांच्या परसात रानद्राक्षाचा खुंट लावला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आले, खुंट छाटला, चिरला आणि त्यात भोकरीची काडी पाचरीसारखी बसवून प्लास्टिकची पट्टी करकचून गुंडाळली. हात धुताना एकच गोष्ट बजावली.

“कलमाच्या खालून फूट निघाली का खुडून टाकजा, भाऊ. ते रानटी असते. तिले दया दाखवसान तं वरची मरते.”

जाताना वाइनची एक बाटली ठेवून गेले. पहिला घोस धरला की मी येतो, मग उघडू, म्हणाले.

कलम जगलं. तीन पेरं वाढलं. मग उन्हाळा आला आणि गिरिधररावांनी पुस्तक उघडलं. पुस्तक थंड देशातलं होतं. तिथले माळी हिवाळ्यात कलमाच्या जोडावर मातीचा ढीग चढवतात, म्हणजे हिमानं जोड मरत नाही. गिरिधररावांनी विचार केला, थंडीपासून वाचवते ती माती उन्हापासूनही वाचवेल. त्यांनी जोड पुरता झाकला. गांधीबागेच्या कापडबाजारातून जाड कापड आणून सावली केली. यमुताई, त्यांची पत्नी, ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “देवानं तुम्हाला हात दिले ते पानं उलटायला. माती कशाला उकरून राहिले?”

मे महिन्यात वेल वाळली. जूनमध्ये त्या ढिगातून एक हिरवी फूट वर आली. ती जोडाच्या वरून आली की खालून, हे मातीत दडलेलं होतं. गिरिधररावांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला आपल्या हातानं काठीला बांधलं. शंका रात्री आली. सकाळी खुरपी घेऊन ते गेले, वेलीपाशी उभे राहिले आणि परत आले. असे किती तरी वेळा गेले आणि परत आले. फळ आलं की कळेलच, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात देवरावांचं पत्र आलं. फळ आलं की उत्तर लिहू, असंही मग ठरलं.

दोन-तीन वर्षांत वेल माजली. मांडव भरला, भिंतीवरून शेजाऱ्यांकडे गेली. घोस मात्र दिसेना. नरखेडची एस.टी. दोन-अडीच तासांत पोचते. पण जाऊन सांगणार काय? देवरावांना आता ऐकू येत नव्हतं आणि कंबर मोडल्यापासून ते खाटेवरच होते. हे त्यांच्या सुनेनं, भावनानं, फोनवर सांगितलं. दिवाळीत तिचा पुन्हा फोन आला.

“काका, बाबा रोज फाटकाकडं पाहून राहतेत. पोस्टमन आला का म्हनून इचारतेत.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुमी नुसतं लिवून टाका ना, वेल हाय म्हनून. पाहाले कोन येते?”

गिरिधररावांनी लिहितो म्हटलं.

त्या हिवाळ्यात वेलीला घोस धरले. पाच-सहाच, विरळ. गिरिधरराव दिवसातून चारदा मांडवाखाली जायचे. मणी मिरीएवढे होते; वाढतील. हिरवे होते, पिवळसर होतील, उन्हात आरपार दिसतील. भावनाला त्यांनी कळवलं नाही, उगीच दृष्ट नको. कागद मात्र काढून ठेवला.

मण्यांत पाणी उतरून ते पिकू लागायची वेळ आली, तेव्हा यमुताई कपडे वाळत घालायला परसात गेल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “अहो, ही काळी काहून होऊन राहिली?”

गिरिधरराव उठले, खुरपी घेतली आणि वेलीच्या बुंध्याशी बसले. या वेळी माती सहज निघाली. खाली मनगटाएवढं जाड खोड होतं, जिवंत, खुंटाच्या कुशीतून बाहेर पडलेलं. त्याच्या बाजूला अंगठ्याएवढं वाळकं लाकूड उभं होतं आणि त्याच्याभोवती देवरावांनी गुंडाळलेली पट्टी, अजून तशीच आवळलेली. इतकी वर्षं पाणी घातलं ते रानटी मुळाला. भोकरी त्या पहिल्याच उन्हाळ्यात, त्यांनी चढवलेल्या ओल्या मातीत, गुदमरून मेली होती.

त्यांनी एक काळा मणी तोंडात टाकला. आंबट, तुरट, नुसती बी.

पुस्तकांमागची बाटली त्यांनी दुपारी उघडली. एकट्यानं. पेल्यात ओतली तर रंग चहासारखा. शिरक्याचा वास नाकात गेला. तरी त्यांनी घोट घेतला, गिळला आणि थांबले. फार खालून, कुठून तरी, पेरू आल्यासारखं वाटलं. दुसरा घोट घेतला. काही नव्हतं. पहिल्यालाही होतं की आपणच आणलं, हे त्यांना ठरवता येईना. आणि विचारावं असा माणूस जगात एकच होता.

यमुताई पेला उचलायला आल्या. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, नवऱ्याच्या नखांतल्या मातीकडे पाहिलं आणि टोमणा मारला नाही. खुर्ची ओढून बसल्या.

“भावना म्हणते तसं लिहा,” त्या म्हणाल्या. “म्हातारं माणूस आहे. सुखानं जाऊ द्या.”

गिरिधररावांनी तसं लिहिलंही. ‘वेल छान आहे, काड्या पाठवतो.’ मग त्या काड्यांचं काय होईल ते त्यांना दिसू लागलं. भावना कुंडी भरेल. देवराव खाटेवरून हात लांबवून पाणी घालतील. पहिलं पान उलगडलं की ते बोटांत धरतील, आणि त्यांच्या बोटांना कळेल. पुस्तकाची गरज पडणार नाही.

त्यांनी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं:

‘देवराव, भोकरी गेली. जोडावर माती मी चढवली होती. वाढला तो खुंट. पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बाटली आज उघडली, तीही गेली होती.’

आणखी काही लिहायला हवं होतं. क्षमा, किंवा निदान प्रकृतीची विचारपूस. पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं आणि तिथं निळा ठिपका पसरला. त्यांनी खाली नाव घातलं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत आता कोणी फारसं काही टाकत नाही. गिरिधररावांनी पाकीट फटीत सरकवलं, टोक धरून उभे राहिले आणि मग सोडलं. ते थेट पत्र्याच्या तळावर आपटलं.