मऊ जेवण

तिला सगळे बेबी म्हणायचे. चाळिशी उलटली, भांगात पांढरे केस दिसायला लागले, तरी बेबीच. लहानपणी आईने हाक मारली ती चिकटली ती चिकटलीच. कामावर मालक तिला ‘बेबीबाई’ म्हणत, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

तिचं काम कवळ्या बनवायचं. दातांच्या दवाखान्यांतून म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्यांचे साचे यायचे. बेबी त्यावर मेणाची पट्टी बसवून एकेक दात लावायची. सगळे दात एका ओळीत सरळ लावले की कवळी खोटी दिसते, म्हणून पुढच्यातला एखादा ती किंचित तिरका लावी. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याची कारणं वेळोवेळी बदलत गेली आणि शेवटी कुणी विचारेनासं झालं. घरात ती आणि आई. दोन खोल्या, मागे अरुंद स्वयंपाकघर. स्वयंपाक आईच करायची. बेबी आयत्या ताटावर येऊन बसायची.

मग एके सकाळी आई चहाचं भांडं हातात घेऊन उभी होती, ती तशीच भिंतीला टेकत खाली सरकली.

अर्धांगाचा झटका होता. हातपाय बऱ्यापैकी सुधारले. वॉकर धरून ती घरातल्या घरात फिरायला लागली. घसा मात्र सावरला नाही. आईने सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती. तिचा आवाज ऐकून लोक कुठला नंबर हवा तेच विसरतात, असं बेबीचे वडील म्हणायचे. आता तिच्या तोंडून शब्द यायचे ते ओल्या कापडातून पिळून काढल्यासारखे.

“चावून खायचं काही द्यायचं नाही,” दवाखान्यातली बाई म्हणाली. आजाऱ्यांना पुन्हा गिळायला शिकवणं हेच तिचं काम होतं. “सगळं वाटून, गाळून. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करूनच. नाहीतर सरळ छातीत उतरेल.”

बेबीने रजा घेतली, मग वाढवली. हळूहळू मालकांचे फोन यायचे थांबले.

पहिले दिवस वाईट गेले. ती जे जे शिजेल ते मिक्सरमध्ये टाकायची आणि वाटीत एकाच रंगाचा गोळा काढायची. आई वाटीकडे बघायची आणि ओठ घट्ट मिटायची.

“काय आहे?” आईने एकदा विचारलं.

“गाजर, बटाटा, वाटाणा. सगळं पौष्टिक आहे.”

“रंगाऱ्याची लांबी आहे,” आई म्हणाली. “भिंतीला लाव.”

बेबीला राग आला. तिने वाटी उचलली, मोरीत ओतली आणि तिथेच उभी राहिली. मग तिला वाटलं, आईचं चुकलं काय? आपल्यापुढे कुणी हे ठेवलं असतं तर आपणही भिंतीलाच लावलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक जिन्नस वेगळा वाटायला सुरुवात केली. वाटाण्याची सालं काढली तरच तो गुळगुळीत होतो, बटाटा जास्त फिरवला की डिंकासारखा चिकटतो, शिजवलेलं सफरचंद गाळणीतून दोनदा काढावं लागतं, हे सगळं ती चुकत चुकत शिकली. घरात कामावरून आणलेलं साचे घ्यायचं रबर पडलं होतं. तिने त्यात खऱ्या गाजराचा साचा घेतला, गाजराचा लगदा थोडा दाट करून त्यात भरला, थंड केला आणि बशीत उपडा केला. देठाजवळच्या बारीक रेघासुद्धा उमटल्या होत्या.

आईने बशी डोळ्यांजवळ धरून पाहिली.

“गाजराची कवळी केलीस,” ती म्हणाली.

दोघी हसल्या. आईला हसता हसता ठसका लागला, बेबीने घाबरून तिची पाठ चोळली, आणि ठसका ओसरल्यावर आईने ते गाजर चमच्याने मोडून सगळं संपवलं.

तेव्हापासून बेबीला एक चाळाच लागला. जिने जन्मात कधी धड अंडं उकडलं नव्हतं, ती सकाळी जागी व्हायची तीच मनात काहीतरी घेऊन. भोपळ्यात लोणी घातलं तर? पाव दुधात भिजवून, वाटून, पुन्हा पावाच्याच आकारात बसवला तर? कवळ्या ती चांगल्या करायची, पण त्या करताना मन कुठे गुंतलंय असं तिला कधी वाटलं नव्हतं. इथे गुंतत होतं. अशी किती म्हातारी माणसं असतील ज्यांच्यापुढे रोज लांबी येते, असं तिच्या मनात यायला लागलं.

धाकटा भाऊ दर रविवारी यायचा. तो औषधांच्या कंपनीत हिशेबनीस होता. आईला खाता येणार नाहीत अशी फळं घेऊन यायचा आणि ती टेबलावर ठेवून खुर्चीच्या कडेला बसायचा. आईला भरवायची वेळ झाली की त्याला हमखास फोन यायचा.

“ताई, पुढचं काय ठरवलंयस?” एका रविवारी त्याने विचारलं.

“मी म्हणते, हेच करावं. गिळता न येणाऱ्या माणसांसाठी जेवण. घरोघरी पोचवायचं.”

“आणि कुणाच्या घशात अडकलं तर?” तो म्हणाला. “तुझं घरच्या घरी चाललंय ते ठीक आहे. पण दहा माणसांना जेवू घालायचं म्हणजे खेळ नाही.”

तो वाईट हेतूने बोलत नव्हता. पण बेबीने तो विषय पुन्हा काढला नाही.

एक दिवस आईने चमचा बाजूला सारला. “मला काहीतरी कुडुमकुडुम दे,” ती म्हणाली. “मऊ खाऊन खाऊन मी दात विसरले.”

“आई, चालणार नाही ते तुला.”

“माहीत आहे. तरी मागते.”

बेबीने चार दिवस डोकं खाजवलं. मग तिने अंड्यांचा पांढरा भाग साखर घालून फेटला, त्याचे लहान लहान ढीग पत्र्यावर घातले आणि मंद आचेवर ओव्हनमध्ये वाळवले. पहिला घाणा चपटा झाला. दुसरा करपला. तिसरा दिसायला सुरेख, पण आतून दगड. चौथा मात्र जमला. दातांखाली धरला की कुडुम् वाजायचा आणि पाठोपाठ जिभेवर फेस होऊन विरघळून जायचा. बेबीने एक बिस्किट ओल्या चमच्यात ठेवून पाहिलं, तर बघता बघता चमचाच उरला. कित्येक वर्षांत तिला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं.

दवाखान्यातल्या बाईला तिने दोन नेऊन दाखवली. बाईने बोटांत चुरून पाहिलं. “कल्पना चांगली आहे,” ती म्हणाली. “पण घरी देऊ नका. पुढच्या तपासणीला माझ्यासमोर देऊन बघू.”

बेबीने बिस्किटं डब्यात भरून ठेवली. खाली तिसऱ्या घाण्यातली, दगड झालेली, कारण टाकवेनात. ती चहात बुडवून तीच खायची. त्यावर एक कागद, आणि कागदावर चांगली.

त्याच आठवड्यात मालकांचा फोन आला. काम वाढलंय, एक जागा आहे, येऊन बोलून जा. बेबीने फोन ठेवला. जावं की न जावं? आई म्हणाली, “जा. माझ्या घशाशी किती दिवस लग्न लावून बसणार?”

धाकटा कामावरून सुट्टी घेऊन आईजवळ बसायला आला. बेबीने त्याला दोनदा बजावलं, वाटीतलं दे, छोटा चमचा, मान पुढे. तो म्हणाला, “जा गं. मी काय परका आहे?”

मालकांनी तिला चहा दिला. नवी यंत्रं दाखवली, आता पुष्कळसे दात यंत्रच बनवतं हे सांगितलं, आणि तिची जुनी खुर्ची दाखवली. “कधीपासून येता?” त्यांनी विचारलं. बेबी उत्तर द्यायच्या बेतात होती तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे धाकटा नुसता “ताई, ताई” करत होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तो बाकावर बसला होता. शर्टाच्या बाहीवर साखरेचा पांढरा चुरा होता.

“तिने बोटाने डबा दाखवला,” तो म्हणाला. “म्हणाली, बेबीने माझ्यासाठी केलंय. मी म्हटलं, एवढ्या दिवसांत मी तिला एक घासही भरवला नाही. तिने तोंड उघडलं आणि मी दिलं.”

“कागदाच्या वरचं की खालचं?”

“कसला कागद?”

“डब्यात कागद होता. वर चांगली होती, खाली कडक झालेली.”

धाकट्याने आठवायचा प्रयत्न केला. “मी डबा हलवला,” तो म्हणाला. “उघडत नव्हता म्हणून उपडा करून ठोकला. सगळी एकच वाटली मला.” मग त्याचा आवाज चढला. “तू लिहून ठेवायचं होतंस! टाकून द्यायची होतीस ती! खराब झालेलं कुणी डब्यात भरून ठेवतं का?”

तोच मग ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला, आणि तिने त्याच्या बाहीवरचा चुरा झटकला. त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं नाही, आणि न वाटल्याची लाजही वाटली नाही.

आईच्या घशात अडकलेला तुकडा डॉक्टरांनी काढला होता, पण चुरा छातीत उतरला होता. न्यूमोनिया झाला. ती त्यातून उठली, मात्र नाकात नळी घेऊन. आता तोंडाने काहीच नाही, असं दवाखान्यातल्या बाईने सांगितलं. बेबीवर ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आईला बोलता यायला लागलं तेव्हा बेबी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली होती.

“गोड जास्त झालं होतं,” आई म्हणाली.

घरी आल्यावर जेवण म्हणजे एका डब्यातलं दुधाळ पाणी, जे मोठ्या पिचकारीने नळीत सोडायचं. बेबीला वाटण-गाळण काही उरलं नाही. मिक्सर धुऊन, पुसून तिने वरच्या फळीवर टाकला. मालकांनी ती जागा दुसऱ्या एका मुलीला दिली होती. पण पॉलिशचं काम आहे, अर्धा दिवस या, असं म्हणाले. दुसऱ्यांनी लावलेल्या दातांना चमक आणायची. बेबीने होकार दिला. सकाळी आईजवळ बसायला एक बाई यायची, दुपारी बेबी परत यायची.

थंडी सरता सरता आईची छाती पुन्हा भरली. यावेळी ती उठली नाही.

सगळं आटोपल्यावर धाकटा एका रविवारी आला. फळं आणली नव्हती. बेबीने भात, बटाट्याची भाजी आणि उकडलेली अंडी केली होती. दोघं टेबलाशी बसली. त्याने चांगलं चावून चावून खाल्लं, जणू कुणी बघतंय.

“आमच्याकडे राहायला ये,” तो म्हणाला. “तुझी वहिनीही म्हणत होती.”

“नको रे.”

“मग करणार काय तू?”

“माहीत नाही. आईचं झालं की बघू, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. ती आजारी पडायच्या आधीपासून म्हणायचे. आता बघायला बसले तर दिसत काही नाही.”

“ते तुझं जेवणाचं काम? घरोघरी पोचवायचं म्हणत होतीस ते?”

बेबीने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. त्याला ते हवं होतं, तिच्यासाठी की स्वतःसाठी कोण जाणे.

“मला ते आईसाठी जमत होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणापुढे वाटी ठेवायची म्हटलं तर तो डबाच दिसतो.”

मग त्याने दोघांची ताटं घासली, ओट्यावर पालथी घातली आणि जिना उतरून गेला.

पुढे एकदा मालकांनी बोलावून सांगितलं की ती नवी मुलगी सोडून चालली आहे, तुमची खुर्ची तुम्ही घ्या. बेबी म्हणाली, “विचार करून सांगते.”

“विचार कसला?” मालकांना नवल वाटलं. “तुमचंच काम आहे की, बेबीबाई.”

तिलाही कारण सांगता येईना. घरी येताना ती भाजीवालीपुढे उभी राहिली. काय घ्यावं ते सुचेना. आजवर आईला आवडायचं ते घेतलं होतं, मग आईला गिळता येईल ते. मागच्या गिऱ्हाईकाने तिला कोपराने ढोसलं तशी ती बाजूला झाली आणि काहीच न घेता निघाली.

घरी तिने भात टाकला. एकट्या माणसाचा भात करायला ती अजून शिकली नव्हती. रोज उरायचा, दुसऱ्या दिवशी वास यायचा आणि टाकायला लागायचा. त्या दिवशी तिने मूठभरच तांदूळ घेतले. भांडं मोठं होतं, पाणी लवकर आटलं, आणि तळाला धरला तरी वरचा भात कच्चाच राहिला. तिने गॅस बंद केला. बशी घेण्याचाही कंटाळा आला. ओट्याशी उभी राहूनच तिने मधला, त्यातल्या त्यात शिजलेला भात चमच्याने काढून खाल्ला, आणि भांड्यात पाणी ओतून ते भिजत ठेवलं.