सवतीची ओटी

मित्रांनो, मी एक म्हातारी लेथ मशीन. लोखंड सोलून त्याला आकार देणारी. जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या कारखान्यात मी फिरू लागले की स्टेशनातली इंजिनं माझ्या सुरात सूर मिळवायची. हसू नका. लोखंडानं मारलेली थापही वजनदारच असते!

कराडहून आलेल्या हिंदुरावांनी मला उभा जन्म चालवलं. कारखान्यात पाहुणे आले की साहेब आधी मलाच दाखवायचे. मग कारखाना बंद पडला. फाटकापुढचा चहावाला उठला, कामगारांचे डबे करणारी मीराबाई गावी गेली आणि पोलाद वळवणारी माणसं गोपालपुऱ्यातल्या क्लासबाहेर शिट्टी फुंकत स्कूटर रांगेत लावू लागली.

लिलावातून हिंदुरावांनी मला घरी आणलं. शेजारपाजारची किरकोळ कामं आम्ही दोघं करत असू. त्यांच्या पत्नी अनुसयाबाई म्हणायच्या, "ह्या सवतीला रोज तेल, आणि माझ्या गुडघ्यांना?" पुढे तीही कामं आटली. तरी सकाळी मला पुसल्याशिवाय हिंदुरावांचा दिवस उगवत नसे.

एके दिवशी मुलगा अभिनव म्हणाला, "बाबा, ही खोली क्लासच्या मुलांना राहायला देऊ. मशीन भंगारात घालू." हिंदुराव "बरं" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना ताटावरून हाका मारून उठवावं लागे, घास तसाच हातात.

भंगारवाला चंदन टेम्पो घेऊन आला तो नेमका खंडेनवमीला, आम्हा हत्यारांच्या पूजेच्या दिवशी.

"थांब रे भैया," अनुसयाबाई म्हणाल्या. "सवत झाली म्हणून काय, रिकाम्या ओटीनं नाही धाडायची मी."

त्यांनी मला हळदकुंकू लावलं, खण-नारळ ठेवला, तांदूळ घातले, आणि सासरी निघालेल्या लेकीला म्हणावं तसं सवयीनं म्हणून गेल्या, "पुन्हा ये हं."

चंदनच्या हातातला दोर थांबला. "काकीजी, भट्टीतून कोण परत येतं?"

कारखान्याला कुलूप लागलं तेव्हाही न रडलेले हिंदुराव माझ्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागले.

"अभिनव, टेम्पो माघारी पाठव," अनुसयाबाई म्हणाल्या. " मुलांना आमची खोली दे. आम्ही इथं निजू."

"आई, तेलाचा वास येईल गं!"

"लग्न झाल्यापासून ह्यांच्या अंगाला तोच आहे."

मित्रांनो, आता मी क्वचितच फिरते. पण रोज कुणाचा तरी हात माझ्यावरून फिरतो. तुमच्याही घरात काम सुटलेलं कुणी असेल. त्याच्याजवळ जरा बसा. माणूसही गंजतो, बाळांनो. फक्त त्याचा गंज वरून दिसत नाही.