वीस फुटांची खोली

डॉक्टर भंगाळे फेलोशिपसाठी परदेशी गेले त्या दिवशी आमच्या दवाखान्यातली तपासणीची खोली एक फूट लांब झाली. दुसऱ्या दिवशी आणखी एक फूट. मी टेप लावून मोजलं. डोळे तपासायला खुर्ची आणि तक्ता यांच्यात वीस फूट लागतात, आणि झाडताना खुर्ची सरकते म्हणून रोज सकाळी मोजून घ्यायची सवय मला डॉक्टरांनीच लावली होती.

त्यावर कुणी आरडाओरडा केला नाही. आमचे शिपाई रज्जाकभाई तेवढे म्हणाले, "ताई, झाडायचं वाढलं."

लांबीला लागणारी जागा रुंदीतून येत होती. ही खोली म्हणजे पूर्वीचं रुईचं कोठार. जिनिंगवाल्या शेटजींनी ते धर्मादाय दवाखान्याला दिलं तेव्हा ते वीस फूट लांब आणि तीस फूट रुंद होतं. तपासणीच्या तीन खुर्च्या शेजारी शेजारी मांडूनही बाकांना जागा उरायची. पंधरा दिवसांत एक खुर्ची बाहेर काढावी लागली, महिन्याभरात दुसरी. तिसरी काढता येईना, कारण तिच्यावर माझी अक्का बसली होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कौसल्या. वीस वर्षांची साखर. तिच्या डोळ्यांचे पडदे साखरेने पोखरत आणले होते, आणि पडद्याचं ऑपरेशन आमच्याकडे कुणाला येत नव्हतं. तेच शिकायला डॉक्टर निघाले होते. जायच्या दिवशी ट्रस्टने हार घातले, फोटो काढले, आणि गाडी दारात उभी असताना डॉक्टर आत येऊन अक्काच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालून गेले.

"डोळे मिटून बसा, अक्का. मी शिकून आलोच. पहिलं ऑपरेशन तुमचंच."

"बसते," अक्का म्हणाली.

थेंब घातलेल्या माणसाला आम्ही सगळेच असं म्हणतो. डोळे मिटून बसा, आलोच. माणसं बसतात. अक्का तर लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारी. आई गेली तेव्हा वडील म्हणाले, शैलाकडे बघ, तर तिने शाळा सोडली आणि माझ्याकडे बघत बसली. माझी वेणी घालता घालता ती माझ्या पाठीवर बोटाने अक्षर काढायची आणि मी ओळखायचं. अशी बाराखडी झाली माझी. पुढे मी दहावी नापास होऊन या दवाखान्यात पाणी भरायला लागले, बघून बघून तक्ता शिकले, मग भिंगं, मग केसपेपर लिहायला. बावीस वर्षांत शिकले ते सगळं असं कडेने शिकले. समोर बसवून फक्त अक्कानेच शिकवलं होतं, आणि तेही पाठीवर.

खुर्ची आम्ही पुढे ओढून पाहिली. चहा होईपर्यंत ती पुन्हा मागच्या भिंतीला लागलेली असायची, अक्कासकट. मग मी बाकीच्या पेशंटांसाठी व्हरांड्यात दुसरा तक्ता टांगला आणि ती खोली अक्काला राहू दिली.

रविवारी डॉक्टरांचा फोन यायचा.

"इथली खोली आखूड होतेय, शैलाताई. चारशे फुटांचा हॉल दिला होता, रोज फूटभर तरी कमी होतो."

"त्रास होतो का?"

"छे. सगळं जवळ येत चाललंय. केसाएवढ्या छिद्रातून आत जायचं, पडद्यावरची साय उचलायची. जवळून बघितलं की सोपं आहे. अक्का कशा आहेत?"

"बसल्यात."

"बोटं मोजतात?"

"मोजते."

बोटं मोजणं म्हणजे आमची सगळ्यात साधी तपासणी. तक्त्यावरचं दिसत नसेल तर पेशंटपुढे हात धरायचा, किती बोटं म्हणून विचारायचं, आणि उत्तर केसपेपरवर लिहायचं. दर सोमवारी मी रोजच्या डब्याबरोबर केसपेपरही घेऊन अक्काकडे चालत जायची.

"उघड डोळे. किती?"

"तीन."

बरोबर होतं. मी तीन लिहायची. अक्का डोळे मिटायची, कारण तिला तसं सांगितलेलं होतं, आणि मिटल्या डोळ्यांनी भाकरी खायची.

शंभर फूट झाले तेव्हा खोलीची रुंदी सहा फुटांवर आली. रज्जाकभाई अक्काचा चहा सायकलवरून न्यायला लागले. एका हाताने हँडल, दुसऱ्यात किटली, तोंडाने घंटी. अक्का हसायची. "रज्जाक, एवढा लांबून आलास, चहा निवला की रे." "अक्का, तुम्ही फुंकर मारायच्या त्रासातून वाचलात." दोनशे फुटांना खोली तीन फूट उरली. दाराचं एक फाळकं गळून पडलं, ते आम्ही जळणात टाकलं. तक्ता मी उरलेल्या फाळक्याला आतून टांगला.

मंगळवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनांना बाहेरगावहून डॉक्टर इंगळेबाई यायच्या. मंगळवारीच यायच्या आणि कामापुरतंच बोलायच्या. त्या एकदा बॅटरी घेऊन अक्कापर्यंत चालत गेल्या. परत आल्या तेव्हा साडीच्या दोन्ही बाजूंना भिंतीचा चुना लागला होता.

"शैला, पडद्यावर रक्त उतरतंय. हिला मुंबईला ने. या आठवड्यात ने."

"आमचे डॉक्टर तेच शिकायला गेलेत, बाई. पाच महिने राहिले."

"पडदा पाच महिने थांबतो असं कुणी सांगितलं?"

"बोटं मोजतेय अजून. हे बघा."

मी केसपेपर पुढे केला. त्यावर सोमवारखाली सोमवार आणि प्रत्येकापुढे तीन. बाईंनी वरून खाली पाहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

"कागदावर तरी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बहीण तुझी आहे. तू ठरव."

मी ठरवलं. आता सांगायला हरकत नाही की अक्काला मुंबईला न्यायला एक गाडी आणि एक रजा एवढंच लागलं असतं. पण मी गावभर सांगून ठेवलं होतं. भाजीवाल्याला, बँकेतल्या बाईला, देवळातल्या बायकांना. आमचे डॉक्टर परदेशातून येणार आणि पहिलं ऑपरेशन माझ्या बहिणीचं करणार. माझ्या आयुष्यात पहिलं असं काही आलंच नव्हतं, नापास झालेल्यांतसुद्धा माझा नंबर पाचवा होता. घरचा डॉक्टर शिकत असताना बहीण परक्याच्या हाती दिली तर त्याला काय वाटेल, हेही मनात होतं. त्याला काय वाटलं असतं ते मी विचारलं नाही. रविवारी फोन आला तेव्हा मी हवामान विचारलं.

पुढच्या सोमवारी मी अक्कापुढे उभी राहिले. डबा एका हातात, केसपेपर काखेत. पेन शोधायला मी दुसरा हात पिशवीत घातला.

"उघड डोळे."

तिने उघडले.

"तीन," ती म्हणाली.

माझा हात अजून पिशवीत होता.

मी हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. अंगठ्याने मी पेन करंगळीशी दाबून धरलं होतं आणि मधली तीन बोटं मोकळी होती. बावीस वर्षं मी पेन असंच धरते. बावीस वर्षं मी प्रत्येकाला तीनच बोटं दाखवली असणार. पेशंट येतात आणि जातात, त्यांना हे कळत नाही. पण अक्काने माझे हात धुतलेले आहेत, नखं कापलेली आहेत.

"बरोबर ना?" तिने विचारलं.

"बरोबर."

"मग लिही."

मी तीन लिहिलं. तिने डोळे मिटले आणि भाकरीसाठी हात पुढे केला. भाकरी मी धरली होती तिथून तो हात वीतभर बाजूला गेला. मी भाकरी सरकवून त्या हाताखाली नेली.

त्यानंतरचे सगळे सोमवार मी मुद्दाम पेन घरून काढून हातात धरूनच गेले.

दहाव्या महिन्यात रज्जाकभाई म्हणाले, "ताई, सायकल आता आत जात नाही. हँडल घासतं." मग ते चालत जायला लागले. नंतर त्यांची किटली अडायला लागली, तेव्हा एक पेला. फोनवर डॉक्टरांचा आवाज आता इतका जवळून यायचा की मी फोन कानापासून हातभर लांब धरायची आणि तरीही त्यांचा श्वास गालाला लागायचा.

"खोली केवढी राहिली, डॉक्टर?"

"खांद्याएवढी. फार छान. पडद्यावरची एकेक शीर नावानिशी ओळखू येते. अक्का?"

"बसल्यात."

"बोटं?"

"तीन."

वर्ष पुरं झालं त्या दिवशी डॉक्टर आले. पुन्हा हार, पुन्हा फोटो. ते पूर्वीपेक्षा बारीक झाले होते, हातपाय अंगाशी घेऊन चालत होते, आणि फोटोवाला "इकडे बघा" म्हणाला तर कुठेच बघत नव्हते. ते माझ्या आवाजाच्या दिशेने आले, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून एका वितीवर आणला, आणि तेव्हा कुठे हसले.

"शैलाताई! तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय. अगदी कडेला. कुणाला अजून दोन वर्षं दिसणार नाही."

"माझं राहू द्या. अक्का आत आहे."

"चला ना. सगळं शिकून आलोय. मला फक्त जवळ न्या."

"लांब आहे, डॉक्टर."

"लांब म्हणजे?" त्यांनी विचारलं. चेष्टेने नाही, एखादा शब्द ओळखीचा वाटतो पण आठवत नाही तसं विचारलं.

मी पुढे झाले. डॉक्टरांनी एका हातात सामानाची पेटी आणि दुसऱ्यात माझ्या पदराचं टोक घेतलं. दारातून रज्जाकभाईंनी केसपेपर आत सरकवला. "डॉक्टरसाहेब, हा राहिला," ते म्हणाले. डॉक्टरांनी तो दातात धरला.

त्या दिवशी मोजमाप तीनशे पंच्याऐंशी फूट होतं. सुरुवातीला भिंती माझ्या दंडांना नुसत्या लागत होत्या. शंभर पावलांनंतर त्या मला धरायला लागल्या. मी श्वास सोडून पुढे सरकायची, मग थांबून श्वास घ्यायची. मागे डॉक्टर सहज येत होते. त्यांना असंच चालायचं शिक्षण मिळालं होतं. खोलीत एकच ट्यूब होती, दारापाशी, आणि तिचा उजेड आमच्या पाठींवर संपत होता.

मग मी थांबले ती हलेचना. पुढे पाऊल उचलत नव्हतं, मागे डॉक्टर होते. श्वास सोडला तरी भिंती सुटेनात.

"काय झालं, ताई?"

"अडकले."

"थोडं बाजूला व्हा, मी जातो पुढे. मला जेमतेम जागा लागते."

बाजू नव्हती. माझ्या दोन्ही बाजूंना मीच होते.

"अक्का," मी हाक मारली.

"शैले?" आवाज बराच पुढून आला. "आज सोमवार आहे का गं?"

"नाही. डॉक्टर आलेत. माझ्या मागे आहेत."

"आले का?" खुर्ची करकरली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्या खुर्चीत सावरून बसली असावी. "किती लांब आहेस?"

"जवळच आहे."

"मग ये ना."

"येते."

डॉक्टर माझ्या मानेजवळून, दातांतल्या कागदाआडून म्हणाले, "त्यांना विचारा, बोटं मोजतात का. वेळ जायला नको. तेवढं लिहून घेतो, म्हणजे टेबलावर सरळ सुरू करता येईल."

मी हात वर करायला गेले. दोन्ही हात भिंतींत धरलेले होते. पेन कुठेतरी माझ्या मुठीत होतं.

"अक्का, माझा हात निघत नाही," मी म्हणाले.

अक्का हसली. रज्जाकभाईंच्या घंटीला हसायची तशी.

"अगं वेडे, त्यात काय. वर्षभर मी मोजली. आज तू मोज."

अंधारात काहीतरी हललं. तिने हात वर केला असावा. बांगडी खाली कोपरापर्यंत घसरल्याचा आवाज आला.

"किती?" अक्काने विचारलं.

मी डोळे ताणून पाहिलं. मग मिटून पाहिलं. दोन्हींत फरक नव्हता.

"सांग की. किती आहेत?"

"तीन," मी म्हणाले.

तिने बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. मागे डॉक्टरांनी दातांतला केसपेपर काढला, माझ्या पाठीवर टेकवला, खिशातलं पेन काढलं, नाक जवळ नेलं आणि सावकाश लिहायला लागले. पेनचं टोक ब्लाउजमधून पाठीला लागत होतं. वरून एक वळण, मग त्याच्याखाली दुसरं, मग शेपूट. आकडा मी लगेच ओळखला.